बीफ रोस्ट दर वेळी चामट आणि ग्रेव्ही पाणचट होतेय? मग हे बघा

रविवारी रात्री घरचे सगळे जेवायला असतात म्हणून किलोभर बीफ आणायचं, आदल्या रात्री आलं-लसूण-मिरी-व्हिनेगर लावून ठेवायचं, कुकरच्या आठ-दहा शिट्ट्या काढायच्या, आणि ताटात वाढलं की सगळे नुसते चावतायत. मुलं तुकडे बाजूला सारून बटाटे तेवढे खातात, म्हातारी माणसं काही बोलत नाहीत पण पावाला ग्रेव्ही लावून उठतात. पैसे गेले, गॅस गेला, आणि पुढच्या वेळी परत तेच. आमच्या वसईकडे निम्म्या घरांत ही तक्रार ऐकलीये, त्यात नवीन लग्न झालेल्या पोरींकडून तर फारच, म्हणून सगळं नीट एका जागी लिहून काढतेय.

बहुतेक जण पहिला दोष खाटकाला देतात आणि पुढच्या वेळी महागातला अंडरकट, म्हणजे कण्याच्या आतल्या बाजूचा एकदम मऊ भाग, आणतात. माझ्या नणंदेने नाताळला हेच केलं, दीड किलो अंडरकट आणला, नेहमीसारखाच कुकरात तासभर ठेवला, आणि तो आणखीच कोरडा झाला. कारण अंडरकट हा भाग लांब शिजवायचा नाहीच मुळी, तो तव्यावर पटकन करायचा. रोस्ट आणि ग्रेव्हीसाठी स्वस्तातला, शिरा-पडदे असलेला भागच लागतो, फक्त त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो. स्वस्त आहे म्हणून नाइलाजाने घ्यायचा असं नाहीये, ग्रेव्हीला जो चिकट दाटपणा येतो तो त्याच भागातून येतो.

आता आधी हे ठरवा की तुमचं रोस्ट नक्की कशा प्रकारे बिघडतंय, कारण दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोघांचे उपाय एकदम उलटे आहेत. पहिला प्रकार म्हणजे तुकडा दाताखाली ताणला जातो, तुटत नाही, चावून चावून जबडा दुखतो. हे कच्चं राहिलंय, रंग कितीही काळपट दिसू दे. दुसरा प्रकार म्हणजे तुकडा तुटतो, दोरे दोरे सुटतात, पण तोंडात भुसा घेतल्यासारखं कोरडं लागतं. इथे भाग चुकलाय किंवा आच जास्त झालीये. ओळखायला एक सोपी टेस्ट आहे. झाकण उघडा, सर्वात जाड जागी मधोमध काटा खुपसा आणि मनगट वळवा. काटा आतल्या आत फिरला आणि मांस सुटून आलं तर झालंय. काट्याबरोबर अख्खा तुकडाच फिरला तर झाकण परत लावा, अर्ध्या तासाने बघा. सुरी खुपसून बघू नका, धारदार सुरी कच्च्यातही जाते.

पहिल्या प्रकाराचं कारण कळलं की अर्धी भीती जाते. मांसात जे पांढरे पडदे आणि शिरा असतात त्यात कोलॅजेन असतं. साधारण ७० डिग्रीच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं, आणि तुकडा आतून ९० ते ९५ डिग्रीला बराच वेळ राहिला की मगच तो मऊ पडतो. पण त्याच्या आधीच, ६०-७० डिग्रीच्या दरम्यान मांसाचे धागे आखडतात आणि पाणी बाहेर टाकतात. म्हणजे मधे एक वेळ अशी येते की पाणी निघून गेलंय आणि कोलॅजेन अजून विरघळलेलं नाही, तेव्हा तुकडा सगळ्यात कडक असतो, कच्च्यापेक्षाही कडक. टोपात ठेवलं असेल तर दीड-दोन तासांच्या आसपास हे दिसतं. आणि नेमकं तेव्हाच लोक झाकण उघडतात, चाखतात, "जास्त शिजलं वाटतं, कडक झालं" म्हणून गॅस बंद करतात. तिथे बंद करायचं नाही हो. तिथून अजून तास-दीड तास.

आपल्याकडे हा वेळ पुस्तकात किंवा व्हिडिओत सांगतात त्यापेक्षा जास्त लागतो, त्यालाही कारण आहे. गाईवर बंदी आधीपासून होतीच, २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायलाही बंदी आली, त्यामुळे बाजारात बीफ म्हणून मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. ते जास्त गडद लाल असतं, चरबी पांढरी आणि कमी, धागा जाड, आणि बऱ्याचदा जनावर वय झालेलं असतं. वय वाढलं की कोलॅजेन घट्ट होतं, सहज विरघळत नाही. त्यामुळे बाहेरच्या रेसिपीत तीन तास लिहिलेत तर आपण साडेतीन-चार धरून चालायचं. पाहुणे आठला यायचे असतील तर तीनलाच चुलीवर चढवा. लवकर झालं तर काही बिघडत नाही, रसात गरम राहतं. उशीर झाला की मात्र घाई होते आणि घाईतच सगळं चामट वाढलं जातं.

भाग कुठला घ्यायचा? खाटकाला सांगा खांद्याचा एकसंध तुकडा दे, रोस्टसाठी, तुकडे करू नको. हातात घेऊन बघा, मधून एक पांढरी पट्टी गेलेली असते, आजूबाजूला थोडे पडदे असतात, ते काढायला लावू नका. खांदा नसेल तर सीना, म्हणजे छातीचा भाग, चालतो, तो चपटा असतो पण गुंडाळून सुतळीने बांधला की छान होतो. बोंग म्हणजे पायाचा नळीजवळचा भाग, तो सगळ्यात स्वस्त आणि त्याची ग्रेव्ही सगळ्यात भारी, पण त्याच्या स्लाइस नीट निघत नाहीत, मोठे तुकडेच वाढावे लागतात. घरच्यांना त्याचं काही नसेल तर माझं मत विचाराल तर बोंगच घ्या. रानाचा, म्हणजे मागच्या मांडीचा, गोल, एकदम स्वच्छ, चरबी-पडदा काहीच नसलेला तुकडा दिसायला सगळ्यात सुंदर, आणि तोच दुसऱ्या प्रकारचा त्रास देतो, कोरडा पडतो. तोच मिळाला तर त्याच्याबरोबर थोडी चरबी मागून घ्या आणि वर बांधा, आणि वाढताना स्लाइस अगदी पातळ करा.

आणि एक गोष्ट ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पहाटे कापलेलं जनावर, सकाळी सातला आणलं, दुपारी शिजवलं. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि ते सैल पडायला एक-दोन दिवस जातात, त्या आखडलेल्या अवस्थेत शिजवलं तर ते कडकच होणार, मसाला कितीही लावा. रविवारचं रोस्ट असेल तर शुक्रवारी आणा. पुसून घ्या, मीठ चोळा, झाकून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. दोन दिवस आरामात राहतं. नुसत्या एवढ्याने किती फरक पडतो ते करून बघाल तेव्हा कळेल.

मीठ किलोला दोन सपाट टीस्पून, आणि ते आधीच लावायचं, कारण मीठच एक असं आहे की जे आतपर्यंत जातं. आलं, लसूण, मिरी, व्हिनेगर हे सगळं वरवर राहतं, त्याची चव ग्रेव्हीत उतरते, त्यामुळे ते आदल्या रात्री लावलं तरी पुरे. व्हिनेगर दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नको, मऊ होण्यासाठी अर्धी वाटी ओतणारे लोक आहेत, त्याने फक्त वरचा थर पांढुरका आणि भुसभुशीत होतो आणि ग्रेव्ही आंबट होते.

कच्च्या पपईचंही तसंच. सीख किंवा टिक्क्याच्या छोट्या तुकड्यांना पपई उत्तम, पण किलोच्या अखंड तुकड्यात ती काही मिलिमीटरच आत जाते. रात्रभर ठेवली तर बाहेरून लगदा आणि आतून तसंच्या तसं. रोस्टला पपई लागतच नाही. ज्याला चार तास शिजायचंय त्याला पपईने काय होणार आहे?

आता परतणं. इथे ग्रेव्हीचं निम्मं काम होतं. शिजवायच्या आधी तासभर मांस फ्रिजबाहेर काढा, वरचा मसाला बोटांनी निपटून वाटीत ठेवा, आणि स्वच्छ फडक्याने तुकडा कोरडा करा, अगदी कोरडा. ओला तुकडा तेलात टाकला की पाणी सुटतं, तो उकडतो, राखाडी पडतो, आणि मग तुम्ही म्हणता की ग्रेव्हीला रंगच येत नाही. जाड बुडाच्या टोपात दोन-तीन चमचे तेल चांगलं तापवा, तुकडा ठेवा आणि चार-पाच मिनिटं त्याला हात लावू नका. चिकटलाय असं वाटेल, ओढू नका, खरपूस झाला की आपोआप सुटतो. सगळ्या बाजू, कडासुद्धा. मग तुकडा काढून ताटलीत ठेवा, त्याच टोपात दोन मोठे कांदे उभे चिरून टाका, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, दहा-बारा मिरी, दोन सुक्या मिरच्या. कांदा तांबूस झाला की निपटलेला मसाला घाला, मिनिटभर परता, आणि मग अर्धा कप पाणी घालून उलथन्याने बुडाची खरवड सगळी सोडवा. ती तपकिरी खरवड म्हणजेच ग्रेव्हीची चव. मात्र ती काळी झाली असेल, जळका वास येत असेल तर सरळ टोप बदला, कारण तो कडवटपणा नंतर कशानेही जात नाही, साखरेने नाही, दुधाने नाही.

रंगाची फारच हौस असेल तर तेलात सुरुवातीलाच एक चमचा साखर टाकून ती बदामी होऊ द्यायची आणि मग मांस टाकायचं. काळी होऊ द्यायची नाही.

टोपात करणार असाल तर मांस परत ठेवा, पाणी निम्म्या तुकड्यापर्यंतच घाला, बुडवू नका, उकळी आली की गॅस एकदम बारीक. पाण्यावर अधूनमधून एखादा बुडबुडा यायला हवा, खळखळ उकळी नको. खळखळ उकळलं की बाहेरचे धागे आखडत जातात आणि दुसऱ्या प्रकारचा कोरडेपणा येतो. झाकण घट्ट बसवा, अधूनमधून तुकडा उलटा करा, पाणी आटलं तर गरम पाणीच घाला. बटाटे मांस मऊ झाल्यावर, शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात, अर्धे कापून. गाजरंही तेव्हाच.

गॅसचा खर्च बघता बरेच जण कुकरच लावणार, आणि कुकर वाईट नाहीच, आतमध्ये १२० डिग्रीच्या आसपास जातं म्हणून वेळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पण शिट्ट्या मोजणं सोडा. शिट्टी हे काही वेळेचं माप नाही, मोठ्या आचेवर दहा शिट्ट्या पंधरा मिनिटांत होतात आणि बारीक आचेवर त्यालाच तास लागतो, मग एक बाई म्हणते माझं आठात होतं, दुसरी म्हणते माझं पंधरात पण होत नाही, दोघी खऱ्याच. दीड कप पाणी घाला, प्रेशर भरून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ लावा, किलोच्या अखंड तुकड्याला ५० मिनिटं ते एक तास. मग बंद, आणि प्रेशर आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून वाफ फस्सकन सोडली की आतलं पाणी एकदम उकळतं आणि तुकड्यातला रस बाहेर फेकला जातो, पाच मिनिटं वाचवायला जाऊन तासाचं काम वाया. उघडल्यावर काट्याची टेस्ट. नाही झालं तर अजून पंधरा मिनिटं, लाजायचं काही नाही, म्हातारी म्हैस असेल तर लागतात.

अमेरिकेत किंवा इंग्लंडात असाल तर गोष्ट सोपी आहे, जनावर लहान वयाचं असतं. चक रोस्ट (खांदा) किंवा ब्रिस्केट (सीना) घ्या, राऊंड नको, तो आपल्या रानासारखा कोरडा पडतो. झाकण लावून ओव्हनमध्ये १५० डिग्री सेल्सिअसला तीन ते साडेतीन तास, किंवा स्लो कुकरमध्ये लो वर आठ-नऊ तास, पण परतणं तरी सोडू नका. तिकडे थर्मामीटर असतो सगळ्यांकडे आणि त्यामुळे एक गोंधळ होतो. अमेरिकेत ६३ डिग्री लिहिलेलं असतं ते सुरक्षिततेसाठी, मऊपणासाठी नाही. खांद्याचा तुकडा ६३ ला काढला तर तो खायला सुरक्षित असेल आणि तरी चावणार नाही. तुम्हाला ९३-९५ बघायचंय.

शिजून झालं, काटा फिरला, आणि तरी ताटात चामट? मग कापणं चुकतंय. गरम गरम कापू नका, काढून झाकून वीस मिनिटं ठेवा. आणि धागा कुठल्या दिशेने जातोय ते बघून त्याला आडवं कापा. धाग्याच्या दिशेनेच कापलं तर प्रत्येक घासात लांबच लांब दोरे येतात, आडवं कापलं तर तेच दोरे सुरीनेच तुकडे होतात. शिजल्यावर धागा ओळखू येत नाही म्हणून कच्चं असतानाच एका टोकाला आडवी खूण चिरून ठेवा. आमच्याकडे लग्नाच्या जेवणाला रोस्ट आदल्या दिवशी करतात, रात्रभर थंड करून सकाळी कापतात, तेव्हा कागदासारख्या नाही पण दोन-तीन मिलिमीटरच्या सुंदर स्लाइस निघतात, मग त्या ग्रेव्हीत टाकून गरम करतात. घरीसुद्धा जमेल तेव्हा असंच करा. पातळ स्लाइस जास्त माणसांना पुरतात, किलोचं शिजून साडेसहाशे-सातशे ग्रॅमच उरतं हे लक्षात असू द्या, जाड तुकडे केले तर चार माणसांत संपतं, पातळ केले आणि बरोबर अर्धा-पाऊण किलो बटाटा असला तर सहा जण पोटभर जेवतात.

आता ग्रेव्ही. पाणचट होण्याचं पहिलं कारण म्हणजे पाणी जास्त, आणि त्यावर उपाय कॉर्नफ्लोअर नसून आटवणं आहे. मांस काढून घ्या, रस गाळा, दहा मिनिटं स्थिर ठेवा, वर आलेली चरबी पळीने काढा, टाकू नका. उरलेला रस मोठ्या आचेवर आटवा, चव घट्ट होईपर्यंत. मग गाळणीत राहिलेल्या कांद्यातून दालचिनी, लवंगा, मिरी काढून तो मिक्सरला फिरवा आणि रसात परत घाला. बहुतेक वेळा एवढ्यानेच छान दाट होतं, मैदा लागतच नाही, आणि चवही याचीच जास्त चांगली.

मैद्याची ग्रेव्हीच हवी असेल तर काढलेली चरबी दीड मोठा चमचा, मैदा दीड मोठा चमचा, एवढं एका कप रसाला. बारीक आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहा, कच्च्या पिठाचा वास जाऊन भाजल्याचा वास यायला हवा. मग रस थोडा थोडा. पहिल्या दोन पळ्या घातल्यावर एकदम गोळा होतो, घाबरून सगळा रस ओतला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. तो गोळा आधी गुळगुळीत घोटा, मग पुढची पळी. तरी झाल्या गुठळ्या तर गाळून घ्या, कोणाला कळत नाही. कॉर्नफ्लोअर वापरायचंच तर गार पाण्यात कालवून अगदी शेवटी, एक उकळी, बंद. व्हिनेगर असलेल्या रसात ते जास्त वेळ उकळलं की परत पातळ होतं, आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना हमखास.

आंबट झाली असेल तर चिमूटभर गूळ. खारट झाली तर बिनमिठाचं पाणी आणि जास्तीचा वाटलेला कांदा. बटाटा टाकला की मीठ शोषून घेतो म्हणतात ते खरं नाही, तो खारट पाणी शोषतो, उरलेला रस तेवढाच खारट राहतो. बेचव लागत असेल तर आधी अजून आटवा, मग अर्धा चमचा वुस्टरशायर सॉस किंवा सोया सॉस, मीठ सगळ्यात शेवटी, कारण आटताना खारटपणा वाढतो.

उरलं तर स्लाइस कोरड्या ठेवू नका, ग्रेव्हीत बुडवून, जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी ग्रेव्ही थिजलेली दिसेल, हलवली की डुलेल, ते जिलेटिन आहे, म्हणजे भाग बरोबर घेतला आणि वेळही पुरेसा दिला. तशीच्या तशी बारीक गॅसवर गरम करा, पाणी घालू नका, आपोआप पातळ होते. आणि अगदीच दोन-चार स्लाइस उरल्या तर पट्ट्या करून कांदा-मिरचीवर परतून पावात घाला, डब्याला होतं.